एका सभेपुरता सिक्युरिटी गार्ड

निवडणुकीचे पडघम वाजले की मैदानात बांबू ठोकले जातात आणि आमच्या वस्त्यांत ठेकेदाराचा निरोप फिरतो, 'शंभर पोरं पाहिजेत. ड्रेस आमचा, पैसे रोख.' गोवंडी-चेंबूरची, कळवा-उल्हासनगरची बेकार पोरे टेम्पोत बसतात. मापात न बसणारा शर्ट अंगावर चढवला की झाला सिक्युरिटी गार्ड! दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत तो व्यासपीठाकडे पाठ करून उभा असतो. मागे नेता बेकारी हटविण्याची घोषणा करतो. हजेरीचे पैसे मात्र 'उद्या ये' म्हणून अडकतात.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवान्याशिवाय कोणालाही सुरक्षा रक्षक पुरविता येत नाहीत. रक्षकाची चारित्र्य पडताळणी, प्रशिक्षण आणि फोटोचे ओळखपत्र बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तर माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ पासून सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा आहे. मंडळाकडे नोंद झालेल्या रक्षकाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा मिळते. पण एका सभेपुरत्या गार्डचे नाव कोणत्याच रजिस्टरात नसते. रेटारेटीत तो तुडवला गेला तर भरपाई कोणाकडे मागायची?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या शासकीय सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तामिळनाडूत करूर येथे अभिनेते विजय यांच्या पक्षाच्या सभेत ४१ जण चेंगरून मेले. अशा गर्दीच्या तोंडावर प्रशिक्षण नसलेल्या पोराला उभे करणे म्हणजे त्याचाही जीव टांगणीला आणि जनतेचाही.

आम्हाला यात आणखी एक धोका दिसतो. पोलीस भरती हा आमच्या तरुणांसाठी आरक्षणाने उघडलेला दरवाजा आहे. २०२३ साली मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे ३ हजार जवान कंत्राटी पद्धतीने घेण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला. तरुण रस्त्यावर आले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. कायम वर्दी, मग कंत्राटी वर्दी, मग एका रात्रीची भाड्याची वर्दी! ही उतरंड आहे आणि तिच्या तळाशी आमचीच पोरे उभी आहेत. संविधानातील आरक्षणाला हात न लावता ते पोकळ करण्याची ही रीत ओळखली पाहिजे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांच्या दिवसासाठी ते झटले. १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्यातून झालेला १९४८ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या वेतन संहितेत विलीन झाला. तरी किमान वेतनाचा आणि जादा तासांना दुप्पट मजुरीचा हक्क कायम आहे. तो मागायला आधी कामगार म्हणून नोंद हवी. नेमकी तीच या पोरांना नाकारली जाते.

समता सैनिक दलाचा सैनिक विचाराने उभा राहतो. त्याची गोष्ट वेगळी. पण पैसे देऊन माणूस उभा केला, तर त्याला कामगाराचे सर्व हक्क दिलेच पाहिजेत. आमची मागणी सरळ आहे. सभेला परवानगी देताना पोलिसांनी आयोजकांकडून गार्डची नावनिशी यादी व पुरवठादाराचा परवाना मागावा. मजुरी बँक खात्यात जमा व्हावी, त्या दिवसाचा अपघात विमा उतरवावा. पाणी, जेवण आणि परतीची गाडी आयोजकाने द्यावी.

समतेची भाषा बोलणाऱ्या पक्षांनी ही सुरुवात आपल्याच मंडपातून करावी. वस्तीतील कार्यकर्त्यांनीही टेम्पो भरण्यापूर्वी ठेकेदाराला गाठून विचारावे, 'परवाना कुठे आहे? मजुरी लिहून देतोस का?' ही विचारपूस सुरू झाली, तरच आमच्या तरुणांची लूट थांबेल.