अंशांची भीती आणि टक्क्यांचे सत्य

१७ मे २००४ रोजी मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स सुमारे ५६५ अंशांनी घसरला. लोकसभा निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, तो सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. केवळ अंश पाहणारा दुसरी पडझड पावणेआठ पट मोठी मानील. प्रत्यक्षात पहिली अकरा टक्क्यांहून अधिक होती, तर दुसरी पावणेसहा टक्क्यांची. निर्देशांक वाढत जातो तसतशी एकेका अंशाची किंमत घटत जाते, हे साधे गणित मथळ्यांच्या गदारोळात हरवते.

हा प्रश्न आता केवळ दलाल स्ट्रीटचा राहिलेला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना नवी अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि शिक्षक-कारकुनांच्या म्हातारपणाच्या तरतुदीचा काही भाग बाजाराशी बांधला गेला. म्युच्युअल फंडांनी तर बाजार घरोघरी नेला. ज्याची पुंजी तेथे आहे, त्याला तेथील भाषा वाचता यावयास नको काय?

शेअर बाजार आकडे देण्यात कंजूष नाहीत. उणीव आहे ती वाचण्याच्या सवयीची. सेन्सेक्स म्हणजे अवघ्या तीस कंपन्या. त्यांतही ज्यांच्या खुल्या समभागांचे बाजारमूल्य अधिक, त्यांचे वजन अधिक. म्हणून निर्देशांक वर असतानाही शेकडो समभाग खाली असू शकतात. वधारलेल्या आणि घसरलेल्या समभागांची संख्या त्यासाठीच पाहावयाची. एकास एक बक्षीस समभाग मिळाला की भाव जवळजवळ निम्मा होतो. ते नुकसान नव्हे. उलाढालीचा आकडाही फसवा असतो. सकाळी घेऊन दुपारी विकलेले समभाग त्यात मोजले जातात. खरोखर किती समभाग खरेदीदाराच्या खात्यात गेले, हे ‘डिलिव्हरी’च्या रकान्यात कळते. तो रकाना उघडा असतो, पण वाचतो कोण?

वृत्तपत्रांनी मथळ्यात अंशांबरोबर टक्केही छापावेत आणि शाळांनी शेकडेवारीच्या धड्यात हीच उदाहरणे घ्यावीत. आकडा काल काय घडले ते सांगतो. उद्याचे भविष्य वर्तवीत नाही. एवढे उमगले, तरी घबराटीत विकणारे आणि हव्यासाने घेणारे हात पुष्कळसे आवरतील.