भिंत दिल्लीला कशी पाठवावी?

दिल्लीच्या ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय पारितोषिकांची बातमी वर्तमानपत्रांत आली की आपल्याकडे दोनच प्रकारचे उद्गार ऐकू येतात. मानकरी गोमंतकीय असेल तर आपण हारतुरे घेऊन धावतो. नसेल तर ‘या रेघोट्यांत कळते कोणाला?’ असे म्हणून पान उलटतो. पहिल्या उद्गारात गावाचा अभिमान आहे, दुसऱ्यात आळस आहे. कलेचा विचार दोहोंतही नाही. आणि आपण असे धावण्यात व हसण्यात गुंतलो असता एक तिसरी गोष्ट आपल्याच देवळांत घडत आहे. तिच्याकडे देवस्थानांच्या महाजनांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम हसणाऱ्यांना उत्तर देणे प्राप्त आहे. ही अकादमी ५ ऑगस्ट १९५४ रोजी मौलाना आझाद यांच्या हस्ते सुरू झाली. १९५५ सालच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांच्या ‘जमीन’ या चित्राचा गौरव झाला. ज्या १९६१ साली गोवा मुक्त झाला त्याच वर्षी मडगावच्या लक्ष्मण पै यांना हे पारितोषिक लाभले. पुढे १९६३ आणि १९७२ या साली पुन्हा लाभले. गोमंतकीय घराण्यातील वासुदेव गायतोंडे यांच्या निराकार चित्रांनी तर साऱ्या जगाचा मान मिळवला. ज्या समाजाने शाळिग्रामाच्या बिनचेहऱ्याच्या शिळेत देव पाहिला, त्याने ‘यात आकृती कोठे आहे?’ असे विचारावे, हे आश्चर्य नव्हे काय? तेव्हा नवी चित्रकला थोतांड आहे आणि पारितोषिके वशिल्याची आहेत, या ओरडीत मी सामील होणार नाही. अकादमीच्या कारभाराविषयी खुद्द चित्रकारांनीच आवाज उठवला होता. १९७० साली न्यायमूर्ती खोसला यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही बसली होती. ते भांडण त्यांचे त्यांना लखलाभ असो. माझे भांडण निराळे आहे.

माझे भांडण ‘समकालीन’ या शब्दाशी आहे. डिचोलीच्या बाजारात आज बसून पितळेची समई घडवणारा कारागीर आजचा नाही काय? चतुर्थीपूर्वी आपल्या चित्रशाळेत चिकण मातीतून गणपती साकारणारा मूर्तिकार कोणत्या शतकात राहतो? गोमंतकाने त्या जागेला ‘चित्रशाळा’ हे भारदस्त नाव दिले, कारखाना म्हटले नाही, यातच आपल्या पूर्वजांचा निर्णय आहे. परंतु सरकारदरबारी या माणसांची गणना कलावंतांत नाही. त्यांच्यासाठी निराळी पंगत मांडलेली आहे. हस्तशिल्पकारांना १९६५ पासून राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो आणि तो देणारे खाते आज वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे चित्र रंगवणाऱ्याचा गौरव कलेच्या अकादमीने करावा आणि समई ओतणाऱ्याचा कापडाच्या खात्याने! यात कोणाचा अपमान होतो, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: कारागीर जुनेच साचे गिरवतो, कलावंत नवे निर्माण करतो. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. बाजारात दिसणारी प्रत्येक समई ही कला नव्हे, हे मी मान्य करतो. पण प्रदर्शनातील प्रत्येक चित्रही कला नव्हे. दोन्हीकडे निवड करावी लागते, आणि त्यासाठीच तर परीक्षक असतात. आता कावीकाम पाहा. सावंतवाडीपासून कारवार-अंकोल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर ते पसरले आहे; पेडणे तालुक्यात मोरजीच्या श्री मोरजाईच्या देवळात आजही पाहावयास मिळते. भिंतीला पांढऱ्या चुन्याचा गिलावा, त्यावर लाल कावेचा लेप, आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार हत्याराने वरचा थर कोरून खालचा शुभ्र चुना उघडा करावयाचा. चित्रकाराला चूक झाकण्यास रंग असतो. येथे कोरलेली रेघ परत घेता येत नाही. लेप सुकण्यापूर्वी वेलीचे वळण, मोराची मान, देवाचा हात ठरवावा लागतो. एवढा निर्णय ज्याच्या हातात आहे त्याला ‘गिरवणारा’ म्हणणे हे अज्ञान आहे.

परंतु ही भिंत दिल्लीला कशी पाठवावी? प्रदर्शनाची रीत अशी की जे उचलून नेता येते, खोलीत मांडता येते, तेच स्पर्धेत उतरते. अलीकडे मांडणशिल्पालाही तेथे जागा मिळाली आहे: वस्तू जागेत रचाव्यात, चार दिवस पाहाव्यात, मग काढून घ्याव्यात. मग आपली माटोळी निराळे काय करते? रानातील फळे, फुले, कंदमुळे गणपतीच्या माथ्यावर टांगून जी छत्री आपण उभारतो, तीही जागेसाठीच रचलेली आणि विसर्जनानंतर उतरवली जाणारी असते. राज्याचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, हे स्तुत्यच आहे. पण तेथेही ती ‘लोकपरंपरा’ म्हणूनच उरते.

ही भिंत ओलांडता येत नाही असे मात्र नव्हे. १९८२ साली भोपाळला भारत भवन उघडले तेव्हा चित्रकार स्वामिनाथन यांनी आदिवासींची चित्रे आणि शहरी चित्रकारांची चित्रे एकाच छताखाली बरोबरीने मांडली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली, आणि आपल्या शेजारच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळीची चित्रकथी जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कला ओळखावयाची इच्छा असली की वाट सापडते.

येथवर दिल्लीला दोष दिला. आता तोच आरसा आपल्याकडे वळवतो.

कावीच्या भिंती दिल्लीने पाडल्या नाहीत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपणच त्या खरवडल्या. आमच्या भागातील एका देवळात लहानपणी मी ज्या लाल-पांढऱ्या वेली बोटाने गिरवीत असे, तेथे आज गुळगुळीत फरशी आहे. ती बसली त्या दिवशी समाराधना झाली, देणगीदारांच्या नावांची पाटी लागली. ज्याने ती भिंत कोरली होती त्याचे नाव मात्र कोणासच ठाऊक नव्हते. मीही त्या समाराधनेस जेवलो आणि काही बोललो नाही. तेव्हा हा आरोप करताना मी स्वतःस वगळीत नाही.

पूर्वी आपल्या शिल्प्यांना अकादमीची गरज नव्हती, कारण देवस्थान हीच त्यांची अकादमी होती. आजही देवळाचा कारभार महाजनांच्या समितीच्या हाती आहे. कोणता गिलावा राहील आणि कोणता जाईल, हे ठरवणारे परीक्षक दिल्लीत बसत नाहीत. ते आपल्याच सभामंडपात बसतात. आमच्याच तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे उदाहरण घ्या. १६६८ साली शिवाजी महाराजांनी ज्याच्या उभारणीची आज्ञा दिली, ते देऊळ राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जुने रूप राखून सावरले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाचा उद्धार. जीर्णाचा संहार नव्हे.

म्हणून माझे मागणे दोघांकडे आहे. अकादमीने आपले परीक्षक भिंतीपर्यंत पाठवावेत आणि ‘समकालीन’ या शब्दाचा अर्थ आज जिवंत असलेला हात असा करावा. महाजनांनी जुन्या भिंतीला हात लावण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, जाणकाराचा सल्ला घ्यावा, आणि नव्या बांधकामाच्या खर्चातला काही वाटा गावच्या कारागिराला काम देण्यासाठी राखावा. त्याचे नावही देणगीदारांच्या पाटीवर, त्यांच्याच ओळीत कोरावे.

दिल्ली आपले ऐकेल तेव्हा ऐकेल. महाजनांच्या पुढच्या सभेत जीर्णोद्धाराचा ठराव येईल तेव्हा मात्र हात वर करणारे आपणच असणार आहोत.