साहेबाचे दप्तर आणि मुलांचे दप्तर

एखाद्या महानगराच्या शाळाखात्याचा प्रमुख खुर्ची सोडतो तेव्हा त्याच्या मागे कागदांचे ढीग उरतात. पत्रव्यवहार, अंदाजपत्रके, बैठकींची इतिवृत्ते, इमारतींचे आराखडे, पटसंख्येचे तक्ते. कालांतराने हे सारे खोक्यांत भरून अभिलेखागारात जाते, खोक्यांवर क्रमांक पडतात आणि विद्वान मंडळी त्याला ‘प्रशासकीय अभिलेख’ असे निरुपद्रवी नाव देतात. या नावाला कार्यकर्त्यांनी भुलू नये. कोणत्या वस्तीत शाळा बांधावयाची, शाळेच्या हद्दीची रेघ कोणत्या रस्त्यावरून ओढावयाची, कोणाच्या मुलांना पूर्ण दिवस शिकवावयाचे आणि कोणाच्या मुलांना अर्ध्या दिवसात घरी पाठवावयाचे, हे निर्णय याच कागदांवर झालेले असतात. साहेबाच्या दप्तरात जे ठरते, ते मुलांच्या दप्तराला भोगावे लागते.

आणि दप्तरात जे लिहिलेच जात नाही, त्याचे काय? ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसते, त्याचा रकानाच तक्त्यात ठेवावयाचा नाही, ही नोकरशाहीची जुनी आणि सोयीस्कर युक्ती आहे. या युक्तीचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळा.

1953 साली बेंजामिन विलिस हे बफेलो शहरातून शिकागोच्या शाळांचे अधीक्षक म्हणून आले आणि 1966 पर्यंत त्या पदावर राहिले. देशातील सर्वाधिक वेतन घेणाऱ्या सार्वजनिक अधिकाऱ्यांत त्यांची गणना होत असे. गृहस्थ कामाचे होते, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या कारकीर्दीत शाळांच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. परंतु हा काळ कोणता होता? दक्षिणेकडील राज्यांतील वर्णद्वेषाला आणि दारिद्र्याला कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय श्रमिक उत्तरेकडील शहरांत येत होते. शिकागोतील त्यांची संख्या 1940 साली सुमारे 2 लाख 78 हजार होती. 1960 साली ती 8 लाख 12 हजारांवर गेली. घरमालक, दलाल आणि बँका यांनी मिळून या माणसांना ठरावीक वस्त्यांत कोंडले होते. त्या वस्त्यांतील शाळा ओसंडून वाहू लागल्या. मुले दोन पाळ्यांत बसू लागली. एका पाळीची मुले दुपारी रस्त्यावर. पलीकडच्या गौरवर्णीय वस्तीत मात्र वर्गखोल्या रिकाम्या होत्या.

मुलांना पलीकडच्या रिकाम्या खोल्यांत बसवावे, ही साधी मागणी पालकांनी केली. 1961 साली काही पालक गौरवर्णीय शाळांत मुलांची नावे घालावयास गेले. त्यांना परत पाठविण्यात आले आणि त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. अधीक्षकांचे उत्तर काय होते? आम्ही मुलाचा वर्ण पाहत नाही, वर्णानुसार नोंद ठेवत नाही. शेजारच्या शाळेत शेजारचे मूल, एवढेच आमचे धोरण. म्हणजे ज्या शहरात घर भाड्याने देताना वर्ण पाहिला जात होता, त्या शहराच्या शाळाखात्याला तेवढा वर्ण दिसत नव्हता! नोंदच नाही, तेव्हा विषमतेचा पुरावा नाही. पुरावा नाही, तेव्हा विषमताही नाही. हा युक्तिवाद ऐकावयास उदार वाटतो. वास्तविक तो कुलपाचे काम करीत होता.

या कुलपाला पहिली किल्ली लावली ती सामान्य मातांनी. 1962 साली ‘वुडलॉन ऑर्गनायझेशन’ या वस्तीसंघटनेने मातांची ‘सत्यशोधक’ पथके काढली. वुडलॉनच्या या माता शेजारच्या गौरवर्णीय शाळांत शिरल्या आणि रिकाम्या, अर्धरिकाम्या वर्गांची छायाचित्रे घेऊ लागल्या. आपल्याच कराच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत पाऊल टाकल्याबद्दल त्यांतील काहींना अतिक्रमणाच्या आरोपाखाली अटक झाली. खात्याने जे मोजावयाचे नाकारले, ते या स्त्रियांनी मोजले. दप्तर सरकारचे असते हे खरे; पण डोळे सरकारचे नसतात.

विलिससाहेबांनी गर्दीवर काढलेला तोडगा त्यांच्या नावाने कुप्रसिद्ध झाला आहे. कृष्णवर्णीय वस्त्यांतील शाळांच्या पटांगणांत आणि मोकळ्या जागांवर त्यांनी ॲल्युमिनियमच्या फिरत्या वर्गखोल्या आणून उभ्या केल्या. लोकांनी त्यांना ‘विलिस वॅगन’ असे नाव ठेवले. मुलांना रिकाम्या वर्गाकडे नेण्याऐवजी वर्गच मुलांकडे ओढून आणावयाचा, म्हणजे वर्णाची सीमा ओलांडण्याचा प्रसंगच नको! ऑगस्ट 1963 मध्ये या खोल्यांविरुद्ध झालेल्या निदर्शनांत शेकडो लोक उतरले. शिकागो विद्यापीठात शिकणारा एक तरुण त्या वेळी पकडला गेला व त्याला 25 डॉलर दंड झाला. त्याचे नाव बर्नी सँडर्स.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काही विद्यार्थ्यांच्या शाळाबदलाचा प्रश्न निकरावर आला, तेव्हा विलिस यांनी तो अमलात आणण्यापेक्षा राजीनामा पुढे केला. आणि शिक्षण मंडळाने काय केले? तो स्वीकारण्याऐवजी त्यांची मनधरणी करून त्यांना परत बोलाविले! लोकांच्या संयमाचा अंत झाला. 22 ऑक्टोबर 1963 रोजी सुमारे 2 लाख 25 हजार विद्यार्थ्यांनी, म्हणजे पटावरील जवळजवळ निम्म्या मुलांनी, शाळेवर बहिष्कार घातला. त्या दिवशी ठिकठिकाणी चर्चमध्ये ‘स्वातंत्र्यशाळा’ भरल्या. खात्याचा हजेरीपट त्या एका दिवशी खरे बोलला, कारण तो लोकांनी लिहिला होता.

बहिष्काराचे आणि न्यायालयीन लढ्याचे फळ असे की, जी शिरगणती अशक्य व अनुचित म्हणून सांगितली जात होती, ती 1963 सालीच करावी लागली. न्यायालयाबाहेरील तडजोडीनुसार समाजशास्त्रज्ञ फिलिप हाउसर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती बसली. तिचा अहवाल 1964 च्या मार्चअखेर बाहेर आला. कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे 84 टक्के मुले अशा शाळांत होती की, जेथे 90 टक्के किंवा त्याहून अधिक मुले कृष्णवर्णीयच होती. शहरातील प्रत्येक आईला ठाऊक असलेले सत्य प्रथमच अधिकृत कागदावर आले.

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. माणसाची वर्णानुसार मोजणी करणे हाच मुळात वर्णवाद नव्हे काय, असे अनेक सद्भावी लोक विचारतात. ज्या समाजात वर्णावरून घर, नोकरी आणि शाळा ठरत नाहीत, त्या समाजात हा प्रश्न योग्य ठरेल. परंतु जेथे अन्याय मोजून केला जातो, तेथे न्यायही मोजूनच करावा लागतो. मोजल्याने जखम होत नाही. झालेली जखम किती खोल आहे, एवढेच मोजणी सांगते. डोळे मिटून घेणाऱ्या न्यायाधीशाला आपण निःपक्षपाती म्हणत नाही.

तथापि कागदावर सत्य आले म्हणजे ते अमलात येते, असेही नाही. जुलै 1965 मध्ये शिकागोच्या नागरी हक्क संघटनांनी 1964 च्या कायद्याचा आधार घेऊन संघराज्याच्या शिक्षण कार्यालयाकडे रीतसर तक्रार नोंदविली. आयुक्त फ्रान्सिस केपेल यांनी शरद ऋतूत शहराचे सुमारे 3 कोटी डॉलरचे अनुदान रोखून धरले. महापौर रिचर्ड डॅली यांनी थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे धाव घेतली आणि काही दिवसांतच पैसा मोकळा झाला. हजारो पालकांच्या तक्रारीपेक्षा एका महापौराचा शब्द जड ठरला! शिकागोच्या शाळांबाबत न्यायालयासमोर रीतसर संमतिपत्र व्हावयास 1980 साल उजाडले.

याउलट बोस्टन शहराचे उदाहरण पाहा. तेथील कृष्णवर्णीय पालकांनी 1972 साली दावा लावला. 21 जून 1974 रोजी न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी शाळासमितीने जाणूनबुजून पृथक्करण टिकविले असा निर्णय दिला, आणि त्याला आधार मिळाला तो मुख्यत्वे समितीच्या स्वतःच्याच इतिवृत्तांचा व कागदपत्रांचा. पुढे तेथे जो हिंसाचार झाला तो दुःखद होता. परंतु बैठकीत बोललेले शब्द वर्षांनंतर बोलणाऱ्याच्या विरुद्ध साक्षीला उभे राहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. म्हणूनच सत्तेला रिकामा रकाना इतका प्रिय असतो.

शिकागोच्या कथेचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. 1995 साली कायदा होऊन शाळांचा कारभार महापौराच्या हाती गेला आणि शाळांच्या प्रमुखाला ‘अधीक्षक’ न म्हणता कंपनीप्रमाणे ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ म्हणावयाचे ठरले. पदनाम बदलले, दृष्टीही बदलली. मूल हा आता आकडा झाला, शाळा हा खर्चाचा विभाग. मे 2013 मध्ये शहराने सुमारे 50 शाळा एका फटक्यात बंद करण्याचा ठराव केला. सुमारे 12 हजार मुले विस्थापित झाली. त्यांत कृष्णवर्णीय मुलांची प्रचंड बहुसंख्या होती. कारण काय दिले गेले? वर्ग रिकामे आहेत! एका वर्गाला 30 मुले हे सूत्र लावून इमारत किती ‘वापरली’ जाते याचा हिशेब मांडण्यात आला. विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग लहानच ठेवावे लागतात, हे या सूत्रात धरलेले नाही, असा पालकांचा आक्षेप होता. तो बाजूला सारला गेला.

पन्नास वर्षांच्या या अंतरातील संगती पाहा. 1962 साली गरिबांच्या मुलांना जागा हवी होती, तेव्हा दप्तराला रिकाम्या खोल्या सापडत नव्हत्या. 2013 साली गरिबांची शाळा मोडावयाची होती, तेव्हा त्याच दप्तराला रिकाम्या खोल्याच खोल्या दिसू लागल्या. आधी मोजणे नाकारून अन्याय झाला, मग मोजण्याच्या मापातून अन्याय झाला. मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न आहे.

आणि ज्या मुख्य कार्यकारी अधिकारी बार्बरा बर्ड-बेनेट यांनी काटकसरीच्या नावाने या शाळा बंद केल्या, त्यांच्याच कारकीर्दीत, बंदीच्या ठरावानंतर महिन्याभरात, निविदा न मागविता 2 कोटी 5 लाख डॉलरचे प्रशिक्षणाचे कंत्राट एका खासगी संस्थेला दिले गेले. त्यात दलालीचे वचन होते. त्यांच्याच ई-मेलमधून ते उघड झाले. 2015 साली त्यांनी गुन्हा कबूल केला आणि 2017 साली त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. बाई स्वतः कृष्णवर्णीय होत्या. खुर्चीवरील माणसाचा वर्ण बदलल्याने खुर्चीचा वर्ग बदलत नाही, याचा याहून कडू पुरावा कोणता हवा?

परंतु शिकागोच्या जनतेने हार मानली नाही. 2012 साली कॅरन लुइस यांच्या नेतृत्वाखाली शिक्षकांनी संप केला. 2015 साली डायेट हायस्कूल वाचविण्यासाठी पालक आणि कार्यकर्ते 34 दिवस उपोषणाला बसले. ती शाळा 2016 मध्ये पुन्हा उघडली. नोव्हेंबर 2024 मध्ये शहराने प्रथमच शिक्षण मंडळाच्या सदस्यांसाठी मतदान केले. दप्तराची किल्ली थोडीथोडी लोकांच्या हाती येत आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकी जनतेला जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला होता. 1882 साली त्याच जोतीरावांनी हंटर आयोगापुढे शिक्षणखात्याचा जमाखर्च मांडला: पैसा कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि शिक्षण वरिष्ठांच्या मुलांना मिळते. पुढे 1972 साली मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतील कृष्णवर्णीय लढवय्यांचेच नाव घेतले. नाते जुने आहे. ‘आम्ही जात पाहत नाही’ हे वाक्यही आपल्या परिचयाचे आहे. 1931 नंतर आपल्या जनगणनेत सर्व जातींची आकडेवारी प्रसिद्ध झाली नाही, आणि जातगणनेचा निर्णय घ्यावयास केंद्र सरकारला एप्रिल 2025 पर्यंत वेळ लागला. कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची भाषा आपल्याकडेही 2023 साली झाली.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच. सभा आणि मोर्चा यांचे महत्त्व कमी नाही. पण मोर्चाच्या आदल्या रात्री शाळेचा पट वाचावयास शिका. मंजूर पदे किती, भरलेली किती. मूल नव्या शाळेपर्यंत किती चालणार, आणि वाटेत ओढा आहे की महामार्ग. ‘कमी पट’ कोणत्या मापाने ठरला आणि ते माप कोणी ठरविले, हे विचारा. 2005 चा माहितीच्या अधिकाराचा कायदा लोकांनी लढून मिळविला आहे, तो वापरा. आणि उत्तर येईल की ‘अशी नोंद ठेवली जात नाही’, तेव्हा निराश होऊन परत फिरू नका. वुडलॉनच्या मातांचे स्मरण ठेवा, वहीपेन्सिल घ्या आणि स्वतः मोजावयास लागा.