भाकरी घालता, मग लसही टोचा

कुत्रा चावला म्हणून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो, ‘कुत्रा कोणाचा?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘घरचाच आहे, डॉक्टर.’ दुसरा प्रश्न, ‘त्याला लस टोचली आहे का?’ यावर मात्र नवरा बायकोकडे पाहतो आणि बायको सासऱ्यांकडे. ‘घरचा कुत्रा, तो कशाला पिसाळेल?’ असे शेवटी कोणीतरी म्हणतेच.

रेबीजच्या विषाणूला घरचा आणि दारचा हा भेद ठाऊक नसतो. रात्री बाहेर पडलेला मोत्या गल्लीतल्या भांडणात चावा खाऊन येतो, केसांखालची जखम कोणाच्या लक्षात येत नाही आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रोग उघड होतो. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून त्याच्या लाळेत विषाणू असू शकतो. म्हणजे दिसायला ठणठणीत कुत्र्यापासूनही धोका संभवतो. माणसात एकदा लक्षणे सुरू झाली की आजही खात्रीचा उपाय नाही, रोगी जवळजवळ नेहमीच दगावतो.

आणि हे सारे टाळणारी लस कुत्र्याला तीन महिन्यांचे असताना टोचता येते. पुढचा डोस केव्हा हे पशुवैद्य सांगतात, त्यानंतर साधारणपणे दरवर्षी एकदा. मांजरालाही हेच लागू. कुत्र्याला बिस्किटे आणि साबण आणणारी मंडळी या एका टोचणीसाठी मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात, याचे मला नवल वाटते.

आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे, अर्ध्या पाळलेल्या कुत्र्यांचा. खळ्यावर, दुकानापुढे, वाड्याच्या पायरीवर ती राहतात. रोज शिळी भाकरी घालणारे घर ठरलेले असते, पण कोणाला चावले की तेच घर म्हणते, ‘आमचे नाही हो ते, असेच येते!’ माझे मत स्पष्ट आहे. जो भाकरी घालतो त्याने लसही टोचून आणावी. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि नगरपालिकेला त्याचा जाब जरूर विचारावा. पण भाकरीच्या हाकेला येणारे कुत्रे तुमच्याच हाताने धरता येते, पालिकेच्या माणसाला पाहून ते पळते. गावातील सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पायरीवरची कुत्री सोडून हा आकडा गाठायचा कसा?

चावलेच, तर प्रथम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून कित्येकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या सुमारासच बंद झाली. आता दंडात टोचतात, सरकारी रुग्णालयात साधारण चार खेपांत काम होते. जखम खोल असेल तर जखमेतच सीरमही द्यावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्या दहा दिवसांसाठी आपली लस थांबवू नये.

मांजराचा चावा लोक फारच हलक्यात घेतात. त्याचे सुळे बारीक व अणकुचीदार, वरून भोक दिसते टाचणीएवढे, पण जंतू आत खोलवर जातात. एक-दोन दिवसांत हात सुजून पू धरतो. रेबीजही मांजरापासून होऊ शकतो.

जंतांचे औषधही विसरू नये. कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत गेलेली जंतांची अंडी अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या हातातून पोटात जातात. पिल्लांना हे औषध लहानपणापासून वरचेवर व मोठेपणी साधारण तीन महिन्यांनी द्यावे लागते, मात्रा वजनावर ठरते. ती आमच्यासारख्या माणसांच्या डॉक्टरांना विचारू नका. घरातली तापाची गोळी तर मुळीच देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हा फक्त गाई-म्हशींचा, असा एक समज आहे. कुत्र्या-मांजरांनाही तिथे तपासतात. लस आहे की नाही हे आधी विचारून जा. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा व मजबूत दोरी असावी, मांजर झाकणाच्या टोपलीतून न्यावे. लशीचे कार्ड मुलांच्या कार्डांबरोबर ठेवा आणि पुढची तारीख लगेच कॅलेंडरवर लिहा.