घरची बेगमी

वर्षाची बेगमी ही आपल्याकडे मोठ्या शहाणपणाची गोष्ट समजली जाते. उन्हाळ्यात गहू-तांदूळ भरून ठेवले, पापड-सांडगे वाळवले, की भर पावसात पेठ गाठावी लागत नाही. संगणकाच्या जगातही अशी एक बेगमी असते आणि ती मांडताना नवशिकी माणसे कशी मेटाकुटीस येतात, हे यंदा मला जवळून पाहावयास मिळाले. मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

‘मेव्हन’ नावाचे एक साधन आहे. शब्द यिद्दिश भाषेतला. अर्थ जाणकार, ज्ञानाचा साठा करणारा. या साधनाची १.० ही आवृत्ती २००४ साली आली. जावा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम बांधून तयार करणे आणि त्याला लागणाऱ्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररी गोळा करणे हे त्याचे काम. आपण ‘पॉम’ नावाच्या फायलीत वाणसामानासारखी यादी द्यायची. चकली म्हटली की भाजणी आली आणि भाजणी म्हटली की तांदूळ, हरभऱ्याची डाळ, धने-जिरे आले. तशा एका लायब्ररीमागून तिला लागणाऱ्या चार येतात. मेव्हन त्या इंटरनेटवरच्या ‘सेंट्रल’ नावाच्या कोठारातून आणते आणि आपल्या संगणकावरच्या कोठीत ठेवते. पुढल्या खेपेस वस्तू कोठीतच सापडली, की पेठेची वारी वाचते. या कोठीला म्हणतात ‘लोकल रिपॉझिटरी’.

आता मौज ऐका. आमच्याकडे संगणकशास्त्राची काही मुले दुसऱ्या वर्षाला भाषा म्हणून मराठी घेतात. त्यांतला एक मुलगा चार तास दिसला नाही, म्हणून बोलावून घेतला. खाली मान घालून म्हणाला, “सर, मला हे जमणार नाही. गावी जावं म्हणतो.” वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून त्याला जुना लॅपटॉप घेऊन दिलेला. घरातला कॉलेजात आलेला हा पहिलाच. मी म्हटले, “काय जमत नाही ते तरी दाखव.”

त्याचे दुखणे दोन पदरी होते. गटातल्या मुलांनी केलेल्या लायब्ररी ठेवायला कॉलेजचे स्वतःचे एक छोटे कोठार होते. त्याचा पत्ता मेव्हनला कळवण्यासाठी ‘एमटू’ फोल्डरातली ‘सेटिंग्ज’ फाईल उघडा, एवढेच सूचनापत्रात लिहिलेले. त्या फोल्डराच्या नावाआधी एक टिंब असते आणि टिंबाने सुरू होणारे नाव लिनक्स सहसा दाखवतच नाही. मोठ्या मिनतवारीने फोल्डर सापडला, तर आत फाईल नाही! मेव्हन कोठी आपण होऊन उभी करते. ही फाईल मात्र करीत नाही, ती आपण लिहायची असते. पोराने दोन दिवस नसलेली फाईल शोधली आणि आपल्यातच काही खोट आहे, असे ठरवून टाकले.

फाईल लिहून झाली, तर पडद्यावर तांबडी अक्षरे : हवी ती लायब्ररी सापडली नाही. जोडीदार म्हणत होता, “अरे, मी कालच ठेवली आहे.” कोणी सांगितले, सारी कोठी पुसून टाक. त्याने काम झालेही असते. पण मग कोठीतला झाडून सारा माल पुन्हा आणायचा आणि मोबाइलचा तेवढा डेटा याच्याकडे नव्हता.

मी म्हटले, “मोठ्याने वाच.” तो ‘सापडली नाही’पर्यंत आला आणि थांबला. मी म्हटले, “बाबा रे, पूर्णविराम अजून आलेला नाही.” वाक्याच्या उरलेल्या भागात सारे होते. मागल्या खेपेला वस्तू मिळाली नाही. तो नकार कोठीत टिपून ठेवला आहे. ठरलेली मुदत संपेपर्यंत, किंवा सक्ती केल्याशिवाय, पुन्हा विचारणार नाही. ही मुदत, वेगळे काही सांगितले नसेल तर, एक दिवसाची असते. याने विचारले तेव्हा जोडीदाराने लायब्ररी ठेवलेलीच नव्हती. ती आली मागाहून. पण कोठीतली ‘नाही’ची नोंद तशीच राहिली.

“मग सक्ती कशी करायची?” मी विचारले. मेव्हनला स्वतःच्या सूचनांची यादी दाखवायला सांगता येते. मुलाने ती उघडली आणि ‘सक्ती’ एवढा एकच शब्द धुंडाळला. आज्ञेपुढे आडवी रेघ आणि मोठ्या लिपीतला ‘यू’! त्याने तो टंकला आणि लायब्ररी मुकाट घरी आली.

मला जावातले अक्षर कळत नाही. वाक्य शेवटपर्यंत वाचायचे, एवढेच मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहे. मुलाची बुद्धी कुठेच कमी पडली नव्हती. सूचनापत्रातली एक ओळ कमी पडली होती. लिहिणाऱ्या जाणकाराला ती इतकी अंगवळणी पडलेली, की लिहावी असे वाटलेच नाही. एका ओळीच्या काटकसरीपायी एक मुलगा गावची एस. टी. धरायला निघाला होता.

आता त्याने पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत एक पानभर टिपण केले आहे. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणले. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका निघाल्या. पण पहिल्या वाक्याला मी हात लावला नाही. ते असे : ‘फाईल दिसली नाही तर घाबरू नका, ती नसतेच, आपण करायची आहे.’