डिझाइनच्या क्लासची फी भरण्याआधी एवढं बघा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. अलीकडे त्यात 'यूआय-यूएक्स डिझाइन' हे नाव दिसू लागलंय. सर्टिफिकेट घ्या आणि पुण्यात नोकरी करा, असा एकूण सूर. फीसाठी कुणी दागिने गहाण टाकतं, कुणी उसने काढतं. म्हणून हे काम नेमकं काय ते आधी समजून घेऊ.

हे काम म्हणजे नुसती चित्रकला नाही. अ‍ॅप उघडल्यावर आधी काय दिसावं, माणूस कुठे अडकेल, चुकलं तर दुरुस्त कसं करेल, हे ठरवणं म्हणजे डिझाइन. आपल्या ओळखीची ई-पीक पाहणीच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतात उभं राहून फोटो काढायचा, पीक भरायचं. आता रेंज गेली तर भरलेली माहिती राहील का? भर उन्हात अक्षर वाचता येईल का? तुरीत सोयाबीन असेल तर कसं भरायचं? डिझायनरला हे प्रश्न सुचले पाहिजेत. गावच्या पोरांना ते शिकवावे लागत नाहीत, ही आपली जमेची बाजू.

सुरुवातीला खर्चही फार नाही. फिग्मा हे या कामाचं मुख्य सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, त्याचा मोफत प्लॅन आहे. मात्र मोबाईलवर भागत नाही, कॉम्प्युटर लागतोच. एखादं अडचणीचं अ‍ॅप निवडा, त्याचे स्क्रीन नव्याने करा आणि गावातल्या पाच जणांच्या हातात द्या. या क्षेत्रातले जाणकार जेकब नीलसन यांनी २००० सालीच सांगितलं होतं की पाच जणांच्या चाचणीत बहुतेक चुका सापडतात. कोण कुठे अडकलं, तुम्ही काय बदललं, हे लिहून ठेवा. याला पोर्टफोलिओ म्हणतात. नोकरी देताना सर्टिफिकेटपेक्षा तोच जास्त बघतात.

पदवीच करायची असेल तर आयआयटी मुंबई दरवर्षी 'यूसीड' परीक्षा घेते. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कोणत्याही शाखेच्या बारावीवर ती देता येते. अर्ज साधारण ऑक्टोबरात, परीक्षा जानेवारीत. पेपर इंग्रजीत असतो, त्याची तयारी ठेवा.

नोकरी लागली तरी ती टिकवणं हा वेगळा विषय आहे. २०२२ नंतर मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी माणसं कमी केली, आणि आता साधे स्क्रीन एआय काही मिनिटांत काढून देतं. ज्याला नुसतं सॉफ्टवेअर चालवता येतं, त्याचं काम आधी जाणार. ज्याला लोकांत बसून त्यांची अडचण काढता येते आणि इंजिनिअरला ती पटवून देता येते, त्याची गरज राहील.

त्यामुळे फी भरण्याआधी क्लासवाल्याला तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः कोणतं अ‍ॅप केलंय? मागच्या बॅचच्या पोरांचं काम दाखवता का? आणि पोरगं मध्येच थांबलं तर पैसे परत मिळतात का? उत्तर गोलमाल आलं तर पैसे खिशातच ठेवा.