‘परंपरेतील आदर्श स्त्रीदेह’ : एका लाडक्या भ्रमाचा पंचनामा

#इतिहास #पुणे #धागा

१/
दर काही महिन्यांनी एक चित्रपट्टी समाजमाध्यमांवर फिरू लागते. पहिल्या चौकटीत लेण्यातील भरदार यक्षी, दुसरीत डोक्यावरून पदर घेतलेली पेशवाईतील स्त्री, तिसरीत व्यायामशाळेतील सडपातळ तरुणी. खाली मथळा : ‘काळानुसार बदललेला स्त्रीसौंदर्याचा आदर्श’. हा धागा त्या पट्टीच्या विरोधात आहे.

२/
विरोध अशासाठी की दोन परस्परविरोधी पक्ष ती पट्टी सारख्याच उत्साहाने वापरतात. एक म्हणतो, पाहा, प्राचीन काळी आमच्या स्त्रिया किती मुक्त होत्या. दुसरा म्हणतो, पदर हीच आपली खरी परंपरा. दोघांचे गृहीतक मात्र एकच आहे : प्रत्येक युगाच्या मनात एक स्त्रीदेह असतो आणि त्या युगातील स्त्रिया तशाच असतात. हे गृहीतक निराधार आहे.

३/
कोणत्याही जुन्या प्रतिमेपुढे उभे राहिल्यावर तीन प्रश्न विचारावेत. ती कोणी घडवली? तिच्यासाठी पैसा कोणी मोजला? आणि तिच्यात कोणत्या स्त्रियांना जागाच मिळाली नाही? या प्रश्नांची परीक्षा घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल पकडा आणि मळवलीला उतरा.

४/
मळवली स्थानकाच्या एका बाजूस भाजे, दुसऱ्या बाजूस कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे २,००० वर्षांपूर्वी कोरलेली दंपती-शिल्पे आहेत. रुंद कटी, जड मेखला, पायांत भारी तोडे, उघडे वक्ष आणि चेहऱ्यावर विलक्षण आत्मविश्वास. चित्रपट्टीची पहिली चौकट इथलीच किंवा इथल्यासारख्याच एखाद्या भिंतीवरची असते. पट्टी बनवणारा कात्री चालवतो ती नेमकी शेजारच्या पुरुषावर.

५/
तो पुरुष परत चौकटीत आणा. त्याचाही वरचा देह उघडा आहे. त्याचेही खांदे भरदार आहेत आणि अंगावर दागिने आहेत. दोघेही जवळजवळ सारख्याच ऐसपैसपणे उभे आहेत. म्हणजे उघडा देह हा इथे ‘स्त्रीमुक्तीचा’ जाहीरनामा नाही आणि ‘स्त्रीप्रदर्शन’ही नाही. समृद्धी आणि मांगल्य व्यक्त करण्याची ती त्या काळच्या शिल्पकलेची भाषा आहे. ती स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होती.

६/
पैसा कोणाचा? कार्ल्याच्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत आणि दान देणाऱ्या स्त्रियांचीही नावे आहेत. इथे थांबून विचार करावा. ज्या स्त्रियांची नावे दगडात कोरली आहेत, त्या दिसायला कशा होत्या हे कोणीही सांगू शकत नाही. ज्या स्त्रियांचे देह कोरले आहेत, त्यांना नावे नाहीत. चित्रपट्टी दुसऱ्या प्रकारच्या स्त्रियांना पाहते आणि पहिल्या प्रकाराबद्दल बोलल्याचा आव आणते.

७/
त्याच सहस्रकातील आणखी एक प्रतिमा घ्या. मराठवाड्यात तेर येथे लज्जागौरीच्या मूर्ती सापडल्या आहेत. मस्तकाच्या जागी कमळ, बाकी प्रसवमुद्रेतील देह. पुण्याच्या रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात या देवतेचा सविस्तर शोध घेतला आहे. ही सुफलनाची देवता आहे. तिच्यापुढे ‘सुंदर की कुरूप’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. ‘प्राचीन सौंदर्यादर्श’ असा एकच साचा मानणाऱ्यांनी तिला कोणत्या चौकटीत बसवायचे ते सांगावे.

८/
आता दुसऱ्या चौकटीकडे, म्हणजे पेशवाईकडे वळू. पुण्यात कोणालाही विचारा : मस्तानी कशी होती? उत्तर ठरलेले असते. इतकी गोरी, इतकी नितळ, की विडा खाल्ला की पिकाचा लाल रंग गळ्यातून उतरताना दिसे. ही कथा आपण इतिहास म्हणून सांगतो, मुलांना सांगतो, पर्यटकांना सांगतो.

९/
अडचण एवढीच की हे वर्णन मस्तानीच्या जन्मापूर्वीचे आहे. मलिक मुहम्मद जायसी याने १५४० च्या सुमारास अवधी भाषेत ‘पद्मावत’ रचले. त्यातील नखशिख-वर्णनात पद्मावतीच्या गळ्याचे कौतुक याच कल्पनेने केलेले आहे. मस्तानीचा बाजीरावाशी संबंध येतो तो १७२९ च्या बुंदेलखंड मोहिमेनंतर. जवळजवळ २०० वर्षांचे अंतर! नायिकेचे वर्णन करण्याचा हा एक कविसंकेत आहे. जिला रूपवती ठरवायचे, तिच्या गळ्यात तो अडकवायचा.

१०/
कविसंकेत निरुपद्रवी असतो, असे कोणी म्हणेल. हा नव्हता. मस्तानीच्या बाबतीत खरे घडले ते असे : छत्रसालाची कन्या, पेशव्यांच्या घरातून आणि पुण्याच्या ब्राह्मणवर्गातून कडवा विरोध, अखेरच्या काळात कैद, १७४० मध्ये मृत्यू, पाबळ येथे समाधी. तिचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमांनी मेला. जात, धर्म आणि वारसाहक्क यांचा एवढा मोठा संघर्ष आपण एका गोऱ्या गळ्याखाली झाकून टाकला. रूपाच्या दंतकथेने इथे अन्यायाचा साक्षीपुरावा पुसण्याचे काम केले.

११/
आदर्श देहाला नेहमी एक उलटा देहही लागतो. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात तो केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचा होता. लांब केस, कुंकू, बांगड्या हा सौभाग्याचा देह. त्या साऱ्याचे हरण हा वैधव्याचा देह. दोन्ही देह एकाच वाड्यात वावरत. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आले. ‘पेशवाई थाटाची’ नथ घालून छायाचित्र काढताना त्या दुसऱ्या देहाची आठवण कोणी ठेवत नाही.

१२/
१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. त्यावरून पुणे पेटले. टिळकांचा पक्ष विरोधात, रानडे, भांडारकर आणि आगरकर बाजूने. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या देहावर चाललेला हा वाद सभांतून आणि वृत्तपत्रांतून प्रामुख्याने पुरुषांनी लढवला. ‘आपल्या संस्कृतीत स्त्रीदेहाला पावित्र्य होते’ असे लिहिण्यापूर्वी त्या वर्षाचे अंक कोणीही चाळावेत.

१३/
सुधारकांनाही सूट नको. आगरकरांच्या एका प्रसिद्ध निबंधाचे शीर्षक आहे ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’. हेतू निर्विवाद उदात्त होता. स्त्रीस्वातंत्र्यासाठी त्या माणसाने जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. तरीही शीर्षकातील ‘घातलीच’ मधला ‘च’ पाहा. स्त्रीने काय ल्यावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या एका अक्षरात शिल्लक राहतो.

१४/
पुन्हा मळवलीला चला. राजा रविवर्मा यांचा मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेला शिळाप्रेसचा छापखाना शतकाच्या अखेरीस इथेच, लेण्यांच्या पायथ्याशी आला आणि पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. इथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या. गोरा वर्ण, गोल चेहरा, भरलेले पण पूर्ण झाकलेले अंग, चापूनचोपून नेसलेली साडी. आज ज्याला आपण ‘सनातन भारतीय नारी’ म्हणतो, तो चेहरा बऱ्याच अंशी या छापखान्याचा आहे.

१५/
म्हणजे एकाच मावळात, काही किलोमीटरांच्या अंतरावर, स्त्रीदेह घडवण्याचे दोन कारखाने झाले. एक छिन्नीचा, एक शाईचा. पहिल्याने वक्ष उघडे ठेवले, दुसऱ्याने देवींनाही साडी-चोळी नेसवली. आणि आपण दुसऱ्याला पहिल्याहून ‘प्राचीन’ समजतो! शिवाय रविवर्म्याच्या काही चित्रांमागे गायिका अंजनीबाई मालपेकर यांचे रूप होते. गाणाऱ्या स्त्रियांना उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या समाजाने त्यांच्यातील एकीचे रूप मात्र चित्रात डोक्यावर घेतले.

१६/
आता सर्वांत मोठा पुरावा, आणि तो शुद्ध पुणेरी आहे. १९०५ पासून पुढे दोन-तीन दशके महाराष्ट्रातील शालीन, सुंदर, आदर्श स्त्री कोण होती? भामिनी, रुक्मिणी, सिंधू. म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्यांच्या साडीची नेसण, अंबाडा, दागिने, चालणे यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची पुरुषवेषातील आणि स्त्रीवेषातील अशी दोन भव्य तैलचित्रे आहेत. ती दोन्ही एका वेळी पाहावीत.

१७/
इतिहासाने केलेला यापेक्षा मार्मिक उपरोध सापडणार नाही. एका पिढीने स्त्रीदेहाचा मापदंड म्हणून पुरुषाचा देह स्वीकारला, आणि स्त्रियांनी त्या मापात बसण्याचा प्रयत्न केला. वय वाढले, अंग स्थूल झाले, तरी प्रेक्षकांना त्यांच्यात सिंधूच दिसत राहिली. त्यांच्या कलेबद्दल आदर बाळगूनच म्हणतो : ‘स्त्रीसौंदर्याचा आदर्श निसर्गतः ठरतो’ हे विधान याच रंगभूमीवर कायमचे खोटे ठरले. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे पुरुष नटांबरोबर उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे हे धाडस मानले गेले.

१८/
पुढचे टप्पे झपाट्याने येतात. १९२७ पासून र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवतात, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रे छापतात आणि खटल्यांना तोंड देतात. १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसतात आणि एकच खळबळ उडते. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात येते. २०२० मध्ये ती ‘ग्लो अँड लव्हली’ होते. नाव बदलते, डबीतला व्यवहार तोच.

१९/
आणि तिसरी चौकट? सडपातळपणाला आज ‘विज्ञान’ म्हणतात. तो आकडा म्हणजे बीएमआय. त्याचे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले याचे, १८३० च्या दशकातले. ते ‘सरासरी माणूस’ शोधण्यासाठी होते. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले, ते पुरुषांच्या मोजमापांवरून. म्हणजे इथेही माप पुरुषाचे! आरोग्याची काळजी जरूर घ्यावी, वैद्याचे जरूर ऐकावे. पण लोकसमूहाच्या अभ्यासासाठी बनलेला आकडा एका मुलीच्या लायकीचा दाखला ठरू शकत नाही.

२०/
‘कोणत्या स्त्रियांना जागा मिळाली नाही?’ हा तिसरा प्रश्न राहिला. त्याचे उत्तरही मावळ-मुळशीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या कामात जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या रचणाऱ्या बायकांना ना शिल्पकाराने पाहिले, ना छापखान्याने. त्यांच्या ओव्यांतला देह पाहिला जाण्यासाठी नटलेला नाही. तो दळतो, घाम गाळतो, आईच्या दुधावर पोसल्याची आठवण ठेवतो. स्त्रीने आपल्या देहाविषयी स्वतः केलेले बोलणे हवे असेल, तर ते इथे आहे.

२१/
एक आक्षेप येणारच : ‘आदर्श प्रत्येक समाजात असतात, त्यात एवढे काय?’ असतात, मान्य. पण पुण्यातल्या एखाद्या घरात आजही स्थळाच्या कागदावर ‘गोरी, सडपातळ’ लिहिले जाते आणि त्याला ‘आपल्याकडे असेच असते’ अशी इतिहासाची मोहोर लावली जाते. त्या मोहोरेपायी मुली जेवणाच्या ताटावरून उठतात, आरशासमोर रडतात. मोहोर बनावट आहे हे सांगणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

२२/
म्हणून पुढच्या वेळी ती चित्रपट्टी आली की पुढे पाठवू नका. खाली तीन प्रश्न लिहा : घडवणारा कोण? पैसा कोणाचा? वगळले कोणाला? कार्ल्याला जा, आणि दंपतीबरोबर दानलेखही वाचा. केळकर संग्रहालयात मस्तानी महालाचे अवशेष पाहताना गळ्यातल्या पिकाची गोष्ट सांगणाऱ्याला जायसीचे नाव सांगा. मतभेद असेल तर अवश्य लिहा, पुराव्यासह. (समाप्त)